तट्टाला विनय

एरंडोलात पांडवांची गोष्ट निघाली की भीम आपोआप पुढं येतो. हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, अशी इथली श्रद्धा. गावात पांडववाडा उभा आहे, आणि बकासुर पद्मालयाच्या रानात मारला गेला हे इथल्या पोराला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. गाडाभर भात, दोन रेडे आणि तो गाडा घेऊन निघालेला भीम. त्या गोष्टीत नकुलाला काही काम नाही. मला मात्र अलीकडं भीमापेक्षा नकुलच जास्त आठवतो. आमच्या गोठ्यात एक तट्टू आलं आणि ते चावायला लागलं, तेव्हापासून.

अज्ञातवासाच्या वर्षी नकुल ग्रंथिक असं नाव सांगून विराट राजाच्या पागेवर राहतो. काम मागताना तो आपली विद्या थोडक्यात मांडतो: घोड्याची प्रकृती मला कळते, विनय कळतो, दुष्ट घोड्यावरचा उपाय कळतो आणि चिकित्सा कळते. माझ्या हाताखाली घोडीसुद्धा कधी बिघडत नाही, असंही तो सांगतो. यातल्या विनय या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. आज आपण विनय म्हणजे नम्रपणा समजतो. तिथं त्याचा अर्थ शिकवण, वळण असा आहे, आणि शब्दाच्या पोटात ‘नी’ हा धातू आहे, म्हणजे नेणं. घोड्याला वळण लावायचं तर आधी त्याला नेता यायला हवं. पाठीवर बसणं फार पुढचं. दोरी हातात धरून, जमिनीवर, त्याच्या खांद्याशी चालत जे होतं ते हे काम. चावरं तट्टू सुधारतं तेही इथंच, आणि हे मला कळायला उशीर लागला.

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. पारोळा, धुळं, दोंडाईचा करत आम्ही तिथं पोचलो तेव्हा थंडीत घोड्यांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा कुठकुठून आलेले व्यापारी. कानांची टोकं आत वळलेले मारवाडी आणि काठियावाडी. गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरे. घेणारा आधी ओठ वर करून दात बघतो, वय काढतो. अंगावरचे भोवरे शोधतो, कुठला शुभ आणि कुठला अशुभ यावर वाद घालतो. चारी पाय आणि तोंड पांढरं असलेलं पंचकल्याण असेल तर भाव चढतो. मग चाल बघतो, नाच बघतो. एवढं झाल्यावर दोरी आपल्या हातात घेऊन जनावराबरोबर पन्नास पावलं चालून बघणारे थोडे. मीही चाललो नाही. चाललो असतो तर पाचव्या-सहाव्या पावलालाच बाहीला दात लागले असते.

आम्ही आणलेलं तट्टू अडीच वर्षांचं, नर, तांबूस रंगाचं. तट्टू आणि घोडा यांत जगभर उंचीची एक रेघ मानतात: आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापाशी मोजलं आणि सुमारे १४७ सेंटीमीटरच्या आत भरलं तर ते तट्टू. आपल्याकडं एवढं मोजत कोण बसतं. अंगानं लहान, काटक, ओझ्याला पक्कं ते तट्टू. मराठ्यांच्या घोडदळाला डोंगर-पठारावर साथ दिली ती भीमथडीच्या अशाच बुटक्या, चिवट घोड्यांनी. ‘भाडोत्री तट्टू’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पहिल्या आठवड्यात त्यानं बाही ओढली. आम्ही हसलो. दुसऱ्या आठवड्यात खिसा फाडला, त्यात गुळाचा खडा होता. तिसऱ्या आठवड्यात दंडावर काळानिळा डाग उठला तेव्हा हसणं थांबलं. दारावरून जाणारा माणूस आता थांबून विचारायला लागला, “हाई घोडं चावस का भो?” आणि जो तो उपाय सांगून जायचा. बहुतेकांचा उपाय एकच: नाकावर एक ठेवून द्या. मी ठेवून दिली. दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी तट्टानं चावा घेतला आणि माझा हात उठायच्या आत मान बाजूला काढून घेतली. म्हणजे ते शिकलं होतं. काय शिकलं, तर चावून पटकन निसटायला.

आता प्रकृती. घोड्याला हात नाहीत, हे वाक्य बावळटपणाचं वाटेल, पण सगळं इथून सुरू होतं. मूल जशी वस्तू हातात घेऊन बघतं तसं घोडं ओठांनी बघतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळं जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणी: बरोबर शेपटीमागं, आणि कपाळाच्या अगदी पुढं ते नाकाखाली. आपण लाडानं जिथं हात नेतो, म्हणजे थेट तोंडापुढं, तिथं त्याला तो हात दिसतच नाही. मिशांच्या राठ केसांनी आणि वरच्या ओठानं ते चाचपतं, आणि चाचपून कळलं नाही तर दातांत धरून बघतं. शिंगरू तर दिवसभर हेच करतं. दावं, बादली, आईची शेपटी, माणसाचा खांदा, सगळं तोंडात.

कळपात याला मर्यादा पडत जाते. शिंगरानं जास्त दात लावले की आई कान मागं पाडते. तेवढ्यानं भागलं नाही तर मान लांब करून धमकावते, ओरडते, आणि मग एकदाच चिमटा काढते. सोबतीचं शिंगरू खेळ सोडून निघून जातं. किती जोरानं धरलं की खेळ मोडतो, हे पोर असं अंगावर झेलून शिकतं. शिंगरू साधारण पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ आणि पुढंही इतर घोड्यांत राहिलं तर ही शाळा पुरी होते. लवकर तोडून, एकट्यानं खुंट्याला बांधून वाढवलेल्या तट्टाची ती राहून जाते. मग ते माणसाशी घोड्यासारखं खेळायला बघतं, आणि आपली कातडी घोड्याची नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. एकमेकांवर जीव असलेली दोन घोडी उलटसुलट तोंडं करून उभी राहतात आणि दातांनी एकमेकांची मान, पाठ खाजवतात. १९९३ साली क्लोडिया फे आणि जान द माझिएर या दोघींनी फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. आयाळ संपते त्या उंचवट्याशी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, दुसरीकडं खाजवून तसं होत नाही, असं त्यांना आढळलं. खरारा करताना तट्टू मान वळवून आपल्या पाठीला दात लावतं ते पुष्कळदा याच भावनेनं. ते परतफेड करत असतं. त्याला त्या क्षणी मारणं म्हणजे आपलेपणा दाखवणाऱ्याच्या तोंडात मारणं आहे. दात लागू द्यायचे नाहीत हे खरं, पण तिथं नुसती मान हातानं सरळ करून पुढं खाजवत राहिलं की पुरतं.

नकुलानं चिकित्सा चौथ्या जागी सांगितली. मी ती शिकवणीच्या आधी आणतो, कारण दुखणारं जनावर शिकत नाही. आमचं तट्टू अडीच वर्षांचं होतं, आणि हेच वय दुधाचे पुढचे दात पडायचं. मधली जोडी साधारण अडीचव्या वर्षी, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. दाढाही याच काळात बदलतात. म्हणजे दोन-तीन वर्षं तोंडात काही ना काही ठणकत असतं. मोठ्या घोड्याचं वेगळं. त्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळं दाढा झिजताना वरच्यांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून धार येते, गाल कापला जातो. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर तोंड उघडून बघतात, कानशीनं धार घासून देतात. लगाम ओढला की चवताळणारी कितीतरी घोडी एवढ्यानं निवळतात.

खोगिराचा तंग कसताना चावणाऱ्या घोड्याकडं तर फारच बारकाईनं पाहायला हवं. घोड्याचं पोट लहान, त्यात आम्ल रात्रंदिवस सुटत राहतं. मोकळं घोडं दिवसातले सोळा-सोळा तास चरतं ते याचसाठी. चारा चावताना लाळ सुटते आणि ती आम्ल निवळवते. गायीम्हशीसारखी निवांत रवंथ त्याच्या नशिबी नाही, तोंड हललं तरच लाळ. सकाळी चंदी दिली, संध्याकाळी चंदी दिली आणि मधे गव्हाणी रिकामी, असं ठेवलं की पोटात जखमा होतात. त्या पोटावर तंग आवळला की घोडं मान वळवून चावतं. त्याला आपण ऐबी ठरवतो. आमच्याकडं आता दादर ज्वारीचा कडबा थोडा थोडा करून दिवसभर पुढं असतो, आणि तेवढ्या एका बदलानं संध्याकाळचं दात विचकणं निम्म्यावर आलं.

खोगिराखालची गाठ, जुनी जखम, वाढलेला खूर, हेही बघायचं. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत. तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त ओझं लादू नये असं त्यांत आहे आणि काटेरी लगामाला बंदी आहे. बाजारात असे लगाम टांगलेले अजून दिसतात. ज्याच्या जिभेवर काटे टोचतात त्याच्याकडून तोंडाचा सभ्यपणा कुठल्या हक्कानं मागायचा?

नर तट्टाच्या बाबतीत खच्ची करण्याचाही विचार करावा लागतो. वयात येणारा घोडा खेळ म्हणून, जोर अजमावायचा म्हणून चावतो, आणि वंश चालवायचा नसेल तर डॉक्टरांच्या हातून खच्ची करून घेणं त्याच्या आणि आपल्या दोघांच्या सोयीचं. त्यानं जोर उतरतो. लागलेली सवय मात्र आपोआप जात नाही, ती शिकवूनच काढावी लागते.

ती सवय लावली कोणी? आम्हीच. येणारा-जाणारा खिशातून गूळ काढायचा, पोरं केळ्याच्या साली भरवायची, कुणी बिस्किट. घोड्याच्या हिशेबानं माणूस म्हणजे खाऊ निघणारं एक भांडं झालं, आणि भांडं उघडलं नाही तर दातांनी उघडायचं. म्हणून पहिला नियम केला: हातातून काही द्यायचं नाही. जे द्यायचं ते पाटीत, नाही तर तोबऱ्यात, आणि तोंड शांत, आपल्यापासून दूर असेल तेव्हाच.

इथं दोन गोष्टी अवघड जातात आणि बहुतेक लोक इथंच हरतात. घरातलं एक माणूस तरी चोरून गूळ देतं. आमच्याकडं आई द्यायची. रोज मिळणारा खाऊ बंद झाला तर जनावर लवकर विसरतं, पण कधी मिळतो कधी नाही, अशा खाऊची आशा फार चिवट असते. दहादा नाही मिळाला तरी अकराव्यांदा ते खिसा हुंगतं. आईला मी हे समजावलं, तेव्हा ती म्हणाली, “मग मी पाटीत घालत जाईन.” तेवढं पुरलं. दुसरी गोष्ट, खाऊ बंद केल्यावर चावणं आधी वाढतं. दिवा विझताना मोठा होतो तसं. इतके दिवस धक्का दिला की दार उघडायचं, आता उघडत नाही, म्हणून ते जोरात धक्का देतं. आमच्याकडं हे आठ-दहा दिवस चाललं. त्या दिवसांत एकदा जरी हार खाऊन गूळ पुढं केला असता, तर जोरात चावलं की मिळतं हेच ते शिकलं असतं.

आता विनय, म्हणजे नेणं. मोरकी घालायची, तिला चांगली लांब दोरी. उभं राहायचं ते खांद्याशी, तोंडापुढं नाही. दोरी हाताभोवती गुंडाळायची नाही, घडी करून धरायची. गुंडाळलेल्या दोरीनं घोड्यामागं फरपटत गेलेली माणसं आहेत. पहिला धडा मागं सरकण्याचा. दोरी त्याच्या छातीच्या दिशेनं हलकी मागं दाबायची आणि थांबायचं. खेचायचं नाही, झटका नाही, नुसता दाब. तट्टू गोंधळतं, मान वर करतं, पुढं रेटतं. दाब तसाच ठेवायचा. केव्हातरी त्याचं वजन मागच्या पायांवर जातं. पाऊलही उचललेलं नसतं, नुसता तोल मागं. त्याच क्षणी दोरी ढिली. घोड्याला शिकवणारी गोष्ट ही आहे. दाबानं काही समजत नाही, दाब सुटतो तेव्हा समजतं. उशिरा सोडलं तर ते दुसरंच काही शिकतं. दाब आणि सुटका यांचा मेळ सेकंदाच्या आत बसावा लागतो. दोन-चार दिवसांत नुसती दोरी हलवली तरी पाऊल मागं पडायला लागतं, आणि पुढं आपण छाती काढून त्याच्याकडं वळलो तरी पुरतं.

मग चालणं. मी चाललो की त्यानं चालायचं, मी थांबलो की थांबायचं, त्याचा खांदा माझ्या खांद्याच्या पुढं जायचा नाही. गेला की दोन पावलं मागं. मग मागचा भाग बाजूला घेणं, मग मान खाली करणं, मग नुसतं उभं राहणं. सगळ्यांत अवघड हे शेवटचं, आणि सगळ्यांत उपयोगाचंही. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. जास्त केलं तर माणसाचाच धीर सुटतो.

आणि या सगळ्यात चावण्याचं काय? तोंड माझ्या हातभर जागेत आलं की मी हात आखडून घेत नाही. हात आखडला की तो खेळ होतो, मांजरापुढं दोरा नाचवल्यासारखा. मी कोपर बाहेर काढून ठेवतो. ते आलं तर स्वतःच कोपरावर आदळतं. आणि लगेच, त्याच दमात, त्याला दोन पावलं मागं घेतो. तोंडाला मी काही करत नाही, पाय हलवायला लावतो. घोड्यांच्या जगात ज्याच्यामुळं दुसऱ्याला जागा सोडावी लागते त्याचा मान मोठा. आई शिंगराला हेच करते. दोन पावलं झाली की सगळं विसरून पुन्हा खांद्याशी उभं राहायचं. आणि ते मान सरळ ठेवून उभं राहिलं, तर आयाळीच्या शेवटी बोटांनी खाजवायचं. खाऊचं बक्षीस तोंडाला माणसाकडं ओढतं, हे बक्षीस तोंड होतं तिथंच ठेवतं.

मारण्याबद्दल आता सांगता येईल. पहिलं म्हणजे वेळ. चावा घेऊन झाल्यावर दोन-तीन सेकंदांनी पडलेला फटका आणि चावा यांचा संबंध घोडं जोडत नाही. माणसाचा हात वर गेला की दुखतं, एवढंच जोडतं. मग मोरकी घालताना मान वर फेकतं, कानाला हात लावू देत नाही. दुसरं, उनाड नराला तो फटका म्हणजे खेळात मिळालेलं उत्तर वाटतं. आणि तिसरं, जे घोडं भीतीनं चावतं त्याची भीती खरी ठरते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोननं घोडा राखण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात घोड्याशी रागाच्या भरात कधीच वागू नये असं बजावलं आहे. स्वतः घोडदळात लढलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

राग घोड्यापासून लपतही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. उत्तर येईपर्यंत टाप वाजवायची आणि बरोबर आकड्यावर थांबायची. १९०७ साली ऑस्कार प्फुंग्स्ट यांनी छडा लावला: हान्सला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता. बरोबर आकडा जवळ आला की विचारणाऱ्याचं डोकं, अंग नकळत किंचित हलायचं, आणि तेवढं त्याला पुरायचं. ज्याला स्वतःला उत्तर ठाऊक नाही असा माणूस पुढं उभा केला की हान्स चुकायचा. तपास संपेपर्यंत प्फुंग्स्टना त्या घोड्याचे चावेही खावे लागले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या मानेची हालचाल वाचणाऱ्या जनावरापुढं आपण धास्तावून, दात-ओठ खात उभे राहिलो तर ते शांत कसं राहील? मी गोठ्यात शिरायच्या आधी दाराशी थांबून दोन-चार श्वास घेतो. शेजारच्यांना हे विचित्र वाटतं, तट्टाला वाटत नाही.

चावण्याआधी घोडं बरंच काही बोललेलं असतं. कान मागं पडतात, नाकपुडीवर सुरकुती येते, ओठ आवळले जातात, शेपूट चाबकासारखी उडते, डोळ्याचं पांढरं दिसतं. जे घोडं ‘एकदम चावलं’ असं सांगतात, त्याचं हे बोलणं बहुधा कुणी ऐकलेलं नसतं. कधीकधी तर असं होतं की कान पाडले म्हणून मार खाल्लेलं घोडं कान पाडायचं सोडून देतं, आणि मग ते खरंच न सांगता चावतं.

लग्नसराईत आपल्याकडं नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, तेव्हा मी नवरदेवाकडं कमी आणि घोडीच्या कानांकडं जास्त बघतो. कर्ण्यांचा दणदणाट, फटाके, डोळ्यांवर दिव्यांचा झोत, तीन-तीन तास उभं राहणं, आणि त्यात पोरं नाकापुढं हात नाचवतात, कुणी पाहुणा हौसेनं लाडू भरवतो. बहुतेक घोड्या हे निमूट सोसतात. एखादी चावली की मालकाला बोल लागतो, घोडीला मार. घोडीवाल्यांना माझं मागणं आहे की एक माणूस फक्त तिच्या तोंडापाशी, खांद्याशी ठेवावा, ज्याचं काम लोकांचे हात दूर ठेवणं. आणि वऱ्हाड्यांना मागणं आहे की लाडू तिच्या मालकाच्या हातात द्यावा, तो पाटीत घालील.

वळण लागलेलं तट्टू बघायचं असेल तर मेंढपाळांचं बघावं. पावसाळा सरला की धुळ्याकडचे ठेलारी आणि इतर मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात. तट्टावर सगळा संसार: बाज, वाकळा, भांडी, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लेकरूही. हायवेवरून मालमोटारी घोंघावत जातात आणि ते तट्टू दोरी नसताना बाईच्या मागं त्याच चालीनं चालत राहतं. मुक्कामाला ओझं उतरेपर्यंत हलत नाही. त्याला कुणी वेगळी शिकवणी दिलेली नसते. ते शिंगरू असल्यापासून कळपात, इतर तट्टांत, माणसांत वाढतं. दिवसभर चालतं, दिवसभर चरतं, आणि त्याला हाताळणारी माणसं रोज तीच, रोज त्याच पद्धतीनं हाताळणारी. नकुलानं सांगितलेल्या चारही गोष्टी त्यात आपसूक येतात. खुंट्याला एकट्यानं बांधलेल्या तट्टाला हे सगळं आपल्याला मुद्दाम उभं करून द्यावं लागतं. आम्ही शेवटी एक म्हातारी घोडी सोबतीला आणली. पहिल्याच दिवशी तिनं त्याला दोनदा कान पाडून दाखवले आणि एकदा चिमटा काढला. माझ्या महिनाभराच्या कष्टाइतकं काम तिनं दुपारपर्यंत केलं.

मुलांसाठी आमच्याकडं नियम कडक आहेत. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय गोठ्यात जायचं नाही, समोरून जायचं नाही, नाकाशी हात न्यायचा नाही, खांद्याला हात लावायचा. चावा लागलाच तर लाडानं सोडून द्यायचा नाही. घोड्याच्या जबड्यात चिरडण्याचा जोर असतो, वरून कातडी धड दिसली तरी आत इजा झालेली असू शकते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडं जायचं; धनुर्वाताचं आणि रेबीजचं इंजेक्शन लागेल का ते त्यांना ठरवू द्यायचं. घोड्यालाही रेबीज होतो. शांत घोडं एकाएकी अंगावर यायला लागलं, लाळ गाळतंय, गिळता येत नाही असं दिसलं, तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालायचा नाही. लांब राहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं.

आमचं तट्टू येऊन आता दीड वर्ष झालं. परवा त्याला घेऊन पद्मालयाच्या रस्त्यानं गेलो. उसाच्या रसाची एक गाडी उभी होती, चोथ्याचा ढीग बाजूला. त्यानं मान लांब केली, कान पुढं, आणि दोरी ताणली जायच्या आत आपणहून थांबलं. माझ्याकडं एक डोळा केला आणि एक पाऊल मागं घेतलं. मी काहीच सांगितलं नव्हतं, किंवा हान्ससारखं त्यालाच माझं काही कळलं असेल. चोथा मी पाटीत घालून दिला. मग आयाळीच्या शेवटी खाजवायला लागलो, तशी त्यानं मान सरळ रस्त्याकडं धरली, वरचा ओठ लांब केला आणि माझ्या खांद्याऐवजी समोरच्या मोकळ्या हवेतच खाजवत राहिलं.